अप्पांनी साफ केलेला खाटीक

माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, चाळीस वर्षं तासगावातल्या लोकांना सुंदर केलं. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, शाळेचे ग्रुप हे सगळेच करतात. अप्पांचं नाव होतं ते मुलगी दाखवायच्या फोटोंसाठी. गालावरचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, जरासं बाकदार नाक, सगळं ते काढून टाकत. पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने, पुढे कॉम्प्युटरवर. याला ते 'साफ करणं' म्हणत. "हात फिरवलेला दिसला, तर तो हात कसला?" असं त्यांचं म्हणणं. आणि खरोखरच, त्यांचा फोटो बघून मुलीच्या सख्ख्या आईलाही वाटायचं, आमची पोर अशीच आहे की. पुढे लग्न झाल्यावर किती जावयांनी अप्पांना मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील, याचा विचार आमच्या घरात कुणी केला नाही.

आई गेली आणि वर्षाच्या आत अप्पांनी स्टुडिओ बंद केला. त्या हिवाळ्यात मी त्यांना जयपूरला घेऊन आले. मी इथे नोकरीसाठी आलेली. ऑफिस झालान्याला, घर जगतपुऱ्यात सातव्या मजल्यावर. नवरा महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. तासगावच्या घरात अप्पा चहा आणि बिस्किटांवर दिवस काढतात, ही बातमी मला शेजारच्या काकूंनी फोनवर दिली होती. तेव्हाच मी ठरवलं होतं की आता यांना परत पाठवायचं नाही.

पण आल्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "संक्रांत झाली की मी जातो गं."

मी म्हटलं, "बरं."

मी भांडकुदळ बाई आहे. भाजीवाल्याशी भांडते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडते, ऑफिसात तर त्याचाच पगार मिळतो असं लोक म्हणतात. पण बापाला 'राहा' म्हणायला तोंड उघडेना. ते नाही म्हणाले असते तर मला सोसलं नसतं, एवढंच. शिवाय ऑफिसात आम्हाला शिकवलेलं, की समोरच्या माणसाच्या निर्णयाचा मान राखावा, आपलं मत लादू नये. ते मी नेमकं घरी अमलात आणलं. अप्पा रोज रात्री भाताला हात घालताना म्हणायचे, "संक्रांतीनंतर जातो." मी रोज म्हणायचे, "बरं." आणि आत जाऊन भांडी आपटायचे.

राहा म्हणता येत नाही, तर राहावंसं वाटेल असं काहीतरी करावं, असा माझा बेत. आधी त्यांना सोसायटीच्या ज्येष्ठांच्या भजनात सोडून आले. तासाभरात अप्पा परत आले. म्हणाले, "उजेड मागून आहे. सगळ्यांची तोंडं काळी दिसतात." भजनाला उजेडाची काय गरज, हे विचारायचं मी टाळलं.

मग एका रविवारी त्यांना रानात नेलं. स्कूटरवर पंचवीस मिनिटांवर एक राखीव रान आहे. थोडं पाणी, पुष्कळ बाभळी आणि हिवाळ्यात लांबून येणारे पक्षी. तिथे दर रविवारी पहाटे पक्ष्यांचे फोटो काढणारी मंडळी जमतात. त्यांच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मॅडमजी म्हणतात आणि त्यांच्यासमोर सगळे, बँकेतले साहेबसुद्धा, आपोआप रांगेत चालतात. मंडळींचे कपडे मातकट, टोप्या मातकट, बंबाएवढ्या लेन्सांवरही मातकट कापड. कोणी जोरात शिंकलं तर मॅडमजी वळून बघतात.

या मेळ्यात अप्पा आले ते क्रीम रंगाच्या सफारी सूटमध्ये. कामाला जाताना सफारीच घालायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम. डोक्याला मफलर, गळ्यात लग्नातला कॅमेरा, काखेत घडीचं स्टूल.

मॅडमजी हळूच म्हणाल्या, "भाईसाहब, पक्षी आपको देख लेंगे."

"देखने दो ना," अप्पा म्हणाले. "चोरके फोटो नहीं काढने का किसीका. सामने बैठने का, बोलने का, फिर काढने का."

अप्पांचं हिंदी असंच. मराठी वाक्याचं धोतर सोडून पायजमा चढवला की झालं, अशी त्यांची समजूत.

ते स्टूल मांडून उघड्यावर बसले आणि बगळ्याशी मराठीत बोलू लागले. "मान जरा डावीकडं. हां. खांदे सैल सोडा." बाकीच्यांचे कॅमेरे मशीनगनीसारखे कडाडत होते, एका सुतार पक्ष्याचे शेदोनशे फोटो. अप्पा तासात एक फोटो काढायचे. रोल महाग होता त्या काळातली सवय. "एवढं धडाधड काढून मग निवडत बसायचं म्हणजे लग्नाला शंभर मुली उभ्या करण्यासारखं आहे," असं ते मला म्हणाले. हे मी भाषांतर करून कुणाला सांगितलं नाही.

पण गंमत अशी, की मंडळींना अप्पा आवडले. उजेड त्यांना जसा कळायचा तसा तिथे कुणालाच कळत नव्हता. मोठमोठ्या लेन्सवाल्यांना ते खांद्याला धरून फिरवायचे, "इधर खडे रहो. अब देखो, पंख में पंख दिखता है." दिसायचाच. तिसऱ्या रविवारी त्यांच्यासाठी कुणीतरी थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा वेगळा आणला. मी मनात म्हटलं, जमतंय.

डिसेंबरात अप्पांना त्यांचं गिऱ्हाईक सापडलं. राखाडी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, मैनेएवढा पक्षी. डोळ्यावरून काळी जाड पट्टी, चोचीला पुढे आकडा. मराठीत याला खाटीक म्हणतात, इकडे लटोरा. सरडा मारला की बाभळीच्या काट्याला टांगून ठेवतो आणि सवडीने खातो. अप्पांना त्याचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी. तो रोज त्याच बाभळीच्या त्याच शेंड्यावर येऊन बसायचा, ताठ, हलायचा नाही.

"इतक्या वर्षांत पहिलं शहाणं गिऱ्हाईक भेटलं," अप्पा म्हणाले. "डबा पण घरचाच आणतो."

आठवडाभर ते रोज रिक्षाने जाऊन त्याच्यासमोर बसले. दर दिवशी स्टूल दोन हात पुढे. सातव्या दिवशी एक फोटो काढला. मग दोन दिवस माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून होते. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "नेहमीचंच."

फोटो पाहून मी गारच पडले. इतका देखणा पक्षी मी पाहिला नव्हता. मऊ, फिकट, डोळा पाणीदार, चेहऱ्यावर कुलीन भाव. काहीतरी वेगळं आहे एवढं मला जाणवलं, पण मला चिमणी आणि कावळा यापलीकडचं पक्ष्यांतलं कळत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना, अप्पांना न विचारता, मी तो फोटो मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या वडिलांनी आपल्या रानात काढला.' वाटलं, लोक वा वा म्हणतील, अप्पांची कॉलर ताठ होईल, आणि माणूस आपल्याला मानणाऱ्या गावात राहतो.

पोळीचा तिसरा घास घेईपर्यंत फोन थरथरून टेबलावरून खाली पडला.

हा कोण? कुठे? कधी? याच्या डोळ्यावर पट्टी कशी नाही? कुणी म्हणालं, रंग कमी घेऊन जन्मलेला असेल. कुणी म्हणालं, मध्य आशियातून याचा एक फिका भाऊबंद येतो, पण त्यालाही डोळ्यामागे काळं असतंच. मग कुणीतरी फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, चोचीला आकडासुद्धा नाही!  मग मॅडमजींचा थेट फोन आला. पक्ष्यांच्या एका नामांकित जाणकाराला त्यांनी फोटो पाठवला होता आणि तो म्हणाला होता, असं मी आयुष्यात पाहिलं नाही. रविवारी सगळे पहाटे सहाला जमणार होते, अजमेरहूनसुद्धा दोघे निघणार होते. "भाईसाहब को लेकर आना," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापिकेचा आवाज भरून आलेला मी पहिल्यांदा ऐकला.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "फोटो चांगला आलाय, हे मला माहीतच होतं." लोक एवढे का हलले आहेत, याची त्यांनी चौकशी केली नाही. फोटो बघून लोकांनी हलावं, यात त्यांना नवल वाटायचं कारण नव्हतं. त्या रात्री भात कालवताना ते संक्रांतीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मी मोजून दोन वेळा आमटी वाढली आणि वाट पाहिली. नाहीच बोलले.

रविवारी एवढं धुकं होतं की पुढच्या माणसाची फक्त टोपी दिसत होती. चाळीसेक माणसं. मॅडमजींनी अप्पांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणवली होती. त्यांना मध्ये बसवलं, शाल दिली, आणि मंडळी चौफेर पांगली. अप्पाही थोड्या वेळाने उठले आणि इतरांच्या बरोबरीने तो पक्षी शोधू लागले. हे दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

साडेसातला धुकं जरा विरळ झालं, आणि नेहमीच्या बाभळीवर, नेहमीच्या शेंड्यावर, नेहमीचा खाटीक येऊन बसला.

"ये क्या, बैठा है ना!" अप्पा ओरडले.

चाळीस दुर्बिणी वळल्या आणि खाली आल्या. "नहीं अंकल," कुणीतरी समजुतीने म्हणालं, "ये तो आम वाला है. इसके मास्क है."

"यहीच है," अप्पा म्हणाले. "मैं पहचानता नहीं क्या? सात दिन सामने बैठा."

"अंकल, आपके वाले का मुँह साफ था."

'साफ' हा शब्द आमच्या घरचा होता. मी अप्पांना बाजूला घेतलं. तोंडावर हसू ठेवून, म्हणजे लांबून बघणाऱ्याला आम्ही थंडीबद्दल बोलतोय असं वाटावं, विचारलं, "अप्पा, फोटोला तुम्ही काय काय केलंत?"

"काही नाही. नेहमीचंच."

"म्हणजे काय?"

"डोळ्याखाली काळं होतं ते काढलं. फार थकल्यासारखा दिसत होता. नाक जरा बाकदार होतं, ते सरळ केलं. डोळ्यात एक पांढरा ठिपका दिला. बस."

मी डोक्याला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात अप्पांचा असला तरी दाखवला मी होता. त्या पक्ष्याची ओळख म्हणजे ती पट्टी आणि तो आकडा. अप्पांनी खाटकाला धुऊनपुसून बोहल्यावर उभा केला होता, आणि आता चाळीस माणसं त्या नवरदेवाला रानभर शोधत होती.

हे सगळं मी त्यांना समजावलं. त्यांचा चेहरा उतरला. मी घाईने म्हटलं, "हे बघा, आपण काहीच बोलायचं नाही. पक्षी आहे, उडून गेला. आला तसा गेला. कुणाला कळणार आहे?"

"अगं, पण ती बाई त्या जाणकाराला सांगून बसली आहे."

"बसू दे! तुम्ही खरं सांगितलंत तर परत कुणी तोंडाकडे बघणार नाही तुमच्या. चहा आणणार नाही कुणी. मग काय करणार तुम्ही इथे? आणि आयुष्यभर दुसरं काय केलंत? पोरींची नाकं सरळच केलीत ना? तेव्हा कुणाला सांगितलंत?"

हे मी बोलायला नको होतं. अप्पांनी पांगलेल्या मंडळींकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरीच्या आईला ठाऊक असायचं गं. बापाला ठाऊक असायचं. नवऱ्याकडच्यांना पण ठाऊक असायचं, फोटो तासगावचा म्हटल्यावर. ह्यांना ठाऊक नाही. हे थंडीत उभे आहेत."

एवढ्यात शेजारच्या बाभळीमागून कुणीतरी खाकरलं. तिथे दर रविवारी येणारे एक भरघोस मिशांचे गृहस्थ उभे होते. लष्करी छावणीतले, कधी कुणाशी बोलत नसत. मी त्यांना इतके दिवस इथलेच राजपूत समजत होते.

"ताई, माफ करा," ते म्हणाले, "मी साताऱ्याचा हाय. समदं ऐकलं. काका, तुम्ही बोला बिनधास्त. हिंदीचं मी बघतो."

मराठीत कुजबुजलं की जयपुरात कुणाला कळत नाही, या भरवशावर मी आजवर काय काय बोलले होते, ते सगळं मला त्या क्षणी आठवलं.

अप्पांनी मंडळींना हाक मारली. सगळे भोवती जमले. अप्पांनी सफारीची बटणं नीट केली आणि म्हणाले, "सुनो. वो पक्षी है नहीं. मतलब है, यहीच है. मैंने उसका मुँह साफ किया."

मॅडमजींचा चेहरा पांढरा पडला. "आपने पक्षी को पकड़ा?"

साताऱ्याचे गृहस्थ दोन पावलं पुढे झाले, सावधान उभे राहिले आणि वरिष्ठांना अहवाल द्यावा तशा आवाजात म्हणाले, "मैडम, सर का कहना है कि पक्षी को किसी ने हाथ नहीं लगाया. पक्षी कुशल है. हाथ फोटो को लगा है. आँख का काला हटाया गया, चोंच सीधी की गई. सर शादी के फोटो बनाते थे. आदत से हुआ है, नीयत से नहीं."

 अजमेरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ट्रायपॉड मिटले आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अप्पा हात जोडून उभे होते. ग्रुपवर फोटो मी टाकला होता, त्यांना न विचारता, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर अप्पांनी माझा हात दाबला.

मॅडमजींनी शेंड्यावरच्या खाटकाकडे एकदा दुर्बिणीतून पाहिलं. मग म्हणाल्या, "भाईसाहब, उस बेचारे के पास पहचान के नाम पर वही तो था."

अप्पांनी मान खाली घातली. "गलती हुआ."

"असली फोटो है?"

अप्पांनी कॅमेऱ्यात मूळ फोटो काढून दाखवला. एकेक जण येऊन बघू लागला. काळी पट्टी, वाकडी चोच, चोचीला लागलेला सरड्याचा तुकडा, आणि त्या पट्टीआडून थेट तुमच्याकडे बघणारा डोळा.  शेवटी मॅडमजी म्हणाल्या, "यही भेजूँगी उनको. माफ़ी भी मैं ही माँग लूँगी. आप अगले रविवार आइए. कंप्यूटर को हाथ मत लगाइए."

अप्पांनी मला मराठीत सांगितलं, "थकल्यासारखाच दिसतोय तो." साताऱ्याच्या गृहस्थांनी याचं भाषांतर केलं नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

परत येताना अप्पा स्कूटरवर मागे बसले होते. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी यायची म्हणून थांबावं लागलं. रिक्षा, उंट, कॉलेजची पोरं, सगळे थांबले होते. अप्पा मागून म्हणाले, "आता संक्रांतीची कशाला वाट बघायची? या आठवड्याचंच बघ तिकीट. तुला खाली बघायला लावलं मी."

मी स्कूटर बंद केली. स्टँडवर लावली. खाली उतरले आणि सगळ्या फाटकादेखत त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, "कुठे जाताय? बिस्किटं खायला? मी तो फोटो का टाकला ठाऊक आहे? लोकांनी तुम्हाला डोक्यावर घ्यावं म्हणून. म्हणजे तुम्ही इथे राहाल म्हणून. मला तुम्ही इथे हवे आहात, माझ्या घरात, रोज. राहा ना हो अप्पा!" शेवटी मी रडत होते. उंटवाला आमच्याकडे बघत होता.

अप्पांनी मफलर सोडला, परत बांधला.

"तुझी आई असती, तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, गप बसा, कुठं जाताय," ते म्हणाले. "मी रोज म्हणतोय, जातो, जातो. तू रोज बरं म्हणतीस. मला वाटलं, पोरीला अडचण होतीय."

गाडी आली, धडधडत निघून गेली. फाटक उघडलं. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तरी अप्पा हलले नाहीत. माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचेही डोळे भरले होते.

"आणि एवढं एक वाक्य बोलायला," ते म्हणाले, "चाळीस माणसं थंडीत उभी केलीस व्हय गं?"